मामंजींचा लोडर

आमचे मामंजी यंत्राला ‘अहो’ म्हणायचे आणि माणसाला ‘ए’. यात मी काही वाढवून सांगत नाही. सकाळी चहाच्या आधी ते गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचे, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून फडकं फिरवायचे आणि म्हणायचे, “काय, झोप झाली का तुमची?” तिथून परत येताना अंगणात मी दिसले की, “ए पोरी, चहा टाक.” माझी लेकरं कॉलेजात गेली, माझ्या केसांत पांढरं दिसू लागलं, तरी त्यांच्या लेखी मी पोरीच राहिले.

ते माझे सासरे. गेल्या थंडीत वारले. दहाव्याला सेनगावकडची, नरसीकडची बरीच माणसं आली होती. जो तो त्यांच्याबद्दल चांगलंच बोलत होता. जिद्दीचा माणूस, डोक्यानं पुढारलेला माणूस, तालुक्यात गव्हाच्या काडाचे गठ्ठे पहिल्यांदा त्यांनी बांधले. मी आत चहा गाळत होते आणि माझे कान तापत होते. कोणीतरी माझ्या नवऱ्याला म्हणालं, “असा माणूस पुन्हा होणार न्हाई.” मी मनात म्हटलं, न होवो.

माझं माहेर वसमतकडचं. आमच्याकडे हळद. हळद उकडायची म्हणजे कढया, वाफ, भाजणारे हात, पण सगळं माणसांनी माणसांशी बोलत बोलत केलेलं काम. लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा दाराशी माप ठेवलेलं, सासूबाई ओवाळायला उभ्या, आणि सासऱ्यांचा पत्ता नाही. कोणीतरी शेडकडे पळालं. थोड्या वेळानं ते आले, कोपरापर्यंत काळे हात घेऊन. बेलरचा पट्टा तुटला होता म्हणे. मी पायाशी वाकले तर त्यांनी त्याच हातानं डोक्यावर आशीर्वाद दिला. माझ्या शालूच्या पदरावर ग्रीसची चार बोटं उमटली. सगळे हसले. मीही हसले, नवी नवरी होते. तो डाग कशानंच गेला नाही.

बेलर म्हणजे गठ्ठे बांधायचं यंत्र. हार्वेस्टरनं गहू काढला की मागं शेतात काड पडून राहतं. आमच्याकडे सगळे ते पेटवून द्यायचे. चैत्रात संध्याकाळी चहूकडून धूर दिसायचा. मामंजींना त्याचा फार संताप. “जनावराचं खाणं जाळून राहिलेत लेकाचे,” म्हणायचे. मग माझ्या लग्नाच्या आधीच त्यांनी पंजाबकडून जुना बेलर आणला. तो काड गोळा करून, दाबून, सुतळीनं बांधून चौकोनी गठ्ठे मागं टाकत जायचा. लहान गठ्ठे, एका बाईला उचलता येतील एवढे. पहिल्या वर्षी गाव बांधावर उभं राहून हसत होतं. दुसऱ्या वर्षी तेच लोक विचारायला आले. हे त्यांचं खरंच चांगलं काम होतं आणि ते मी नाकारत नाही. मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा.

गठ्ठे शेतभर पडायचे. ते वेचून ट्रॉलीत भरायला बायका लागायच्या. बायका बोलतात, पाणी पितात, सावलीला बसतात, लेकराला घ्यायला घरी जातात. मामंजींना हे बघवत नसे. म्हणून त्यांनी लोडर आणला.

हा लोडर ट्रॉलीच्या बाजूला जोडायचा. खाली जमिनीलगत त्याचं रुंद तोंड, तिथून वरपर्यंत तिरपा पत्रा, आणि त्यावरून दातेरी साखळी. ट्रॅक्टर पुढं चालला की लोडरचं स्वतःचं एक चाक जमिनीवर फिरायचं आणि त्या चाकावर साखळी चालायची. तोंडात आलेला गठ्ठा साखळीच्या दात्यांत अडकून वर चढायचा आणि ट्रॉलीत पडायचा. वर दोघी जणी उभ्या राहून गठ्ठे रचायच्या. ट्रॅक्टर चालला की साखळी चालायची, ट्रॅक्टर थांबला की साखळी थांबायची. इतकं साधं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण मी ते एक दिवसही विसरलेले नाही.

लोडरला ते ‘बाई’ म्हणायचे. एकादशीला नरसीला एसटीनं जायचे, नामदेवाचा प्रसाद आणायचे, आणि घरात यायच्या आधी चिमूटभर प्रसाद लोडरच्या तोंडाशी ठेवायचे. लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचे, त्याचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकत बसायचे. सासूबाई छातीत कळ येते म्हणाल्या तर, “वारा धरला असंल,” एवढंच. यंत्राचा मात्र बारीक आवाज बदलला तरी त्यांना घास उतरायचा नाही.

साखळीवर, वरच्या बाजूला, एक पत्र्याचं झाकण होतं. रचणाऱ्या बाईच्या अगदी कमरेशी साखळी वळायची, तिथं ते बसवलेलं. त्या झाकणात काड अडकायचं. मग थांबून काढावं लागायचं. पहिल्याच हंगामात मामंजींनी झाकण खोलून टाकलं. म्हणाले, “बाईचा श्वास कोंडून राहिला.” ते झाकण कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं.

आणि ट्रॅक्टरचा आरसाही त्यांनी काढला होता. मागं बघायचं काम मागच्यांचं, असं त्यांचं म्हणणं. ड्रायव्हरनं मागं पाहिलं की ओळ वाकडी होते, गठ्ठा तोंडातून निसटतो. ते ताठ बसायचे, खांद्यावर फडकं, नजर समोर, आणि शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जायचे. वर आम्ही पडू का राहू, त्यांना माहीत नसे. तोल गेला तर एकमेकींना धरायचो.

मी आणि गयाबाई. गयाबाई गावाच्या शिवेवर राहते, तिच्या नवऱ्याची मेंढरं आहेत. माझ्याहून थोडी मोठी. गठ्ठे रचण्यात तिचा हात धरणारी कोणी नव्हती. आडवा, उभा, आडवा, असे ती भिंतीसारखे लावायची आणि तोंडानं मेंढरांच्या गोष्टी सांगायची. कोणती मेंढी लबाड, कोणती दुसरीच्या पिल्लाला पाजते. त्या लोडरवर माझे दिवस गेले ते तिच्यामुळे.

त्या दिवशी दुपार होती. होळी होऊन गेली होती, ऊन चढलं होतं आणि पश्चिमेला आभाळ काळं व्हायला लागलं होतं. मामंजी घाईत होते. गठ्ठे भिजले की गेले. ट्रॉली अर्ध्याच्या वर भरली होती. गयाबाईनं पदर कमरेला खोचलेला होता, तो वाकता वाकता सुटला. सुटलेलं टोक साखळीत गेलं. तिनं उजव्या हातानं ते ओढलं आणि हात पदरासोबत आत गेला.

ती ओरडली नाही. तिच्या तोंडातून फक्त हवा बाहेर पडली. मी ओरडले. “मामंजी, थांबा. थांबवा गाडी.”

त्यांनी मागं न बघता डावा हात वर केला. त्या हाताचा अर्थ मला माहीत होता. गठ्ठा सुटला असेल तर पुढच्या फेरीत घेऊ, असा तो अर्थ. मी पुन्हा ओरडले. हात पुन्हा वर. ट्रॅक्टर चालत होता, म्हणून साखळी चालत होती.

मी गठ्ठ्यांवरून पुढं सरकले, एक गठ्ठा उचलला आणि सरळ त्यांच्या पाठीवर फेकला. ते स्टिअरिंगवर आदळले. तेव्हा कुठं ब्रेक लागला.

ते वळले, चेहरा संतापानं लाल. “डोकं फिरलं का तुझं? गठ्ठा फोडला.” मग त्यांची नजर लोडरकडे गेली. आणि मी शपथेवर सांगते, पहिला प्रश्न त्यांनी हा विचारला, “साखळी उतरली का?”

पुढचंही सांगते, कारण तेही खरं आहे. गयाबाईचा हात दिसताच ते उडी मारून खाली उतरले, पाना घेऊन लोडरवर चढले आणि बघता बघता साखळीची कडी खोलली. दुसऱ्या कोणाला ते इतक्या लवकर जमलं नसतं. माझ्याच्यानं तर नाहीच. पण ती कडी खोलताना ते सारखे बोलत होते, आणि ते गयाबाईशी बोलत नव्हते. “सोडा बाई, सोडा आता. सोडा म्हणलं ना.” यंत्राची विनवणी करत होते. गयाबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती, पांढरी पडून, आणि तिला एक अक्षर नाही.

आम्ही तिला जीपमधून सेनगावला नेलं, तिथून हिंगोलीला. माझा नवरा सोबत आला, तिचा नवरा मेंढरं सोडून धावत आला. मामंजी आले नाहीत. आभाळ आलं होतं ना. मागं राहिलेले गठ्ठे त्यांनी एकट्यानं भरले. ट्रॅक्टर थोडा चालवायचा, थांबवायचा, खाली उतरून ट्रॉलीत चढायचं, गठ्ठे रचायचे, पुन्हा खाली. हे मला शेजारच्या शेतातल्या बाईनं सांगितलं. दर थोड्या वेळानं ट्रॅक्टर थांबत होता म्हणे. बाईमाणसाचा हात अडकला तेव्हा जो थांबत नव्हता, तो गठ्ठ्यांसाठी संध्याकाळपर्यंत थांबत होता. त्या दिवशी पाऊस काही आला नाही.

गयाबाईच्या उजव्या हाताला अंगठा राहिला. बाकीची चार बोटं गेली.

गावातले लोक बघायला यायचे आणि मामंजी त्यांना अंगणात बाजेवर बसून समजावून सांगायचे. खांद्यावरचं फडकं कमरेला खोचून दाखवायचे. “हे बघा, लुगडं असं पाहिजे होतं. तिनं असं सैल ठेवलं. मंग यंत्र काय करंल? यंत्राला काय माहीत?” येणारे माना डोलवायचे. मी आतून ऐकत असायचे. माझ्या हातात लाटणं असलं तर ते मी घट्ट धरून ठेवायचे, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही.

एक दिवस सेनगावच्या बाजारातून त्यांनी जाड कापडाचे पुरुषी शर्ट आणले आणि माझ्यासमोर टाकले. “बायायला देऊन टाक. आता लुगड्यावरून हे घालायचं. एक गयाबाईला दे.”

मी नेऊन दिला. ती बाजेवर बसली होती, हाताला पट्टी. शर्ट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “कापड चांगलं हाय. पण एका हातानं गुंड्या कशा लावू मी?” तिनं ते रागानंसुद्धा म्हटलं नाही. खरंच विचारलं. मला मात्र वाटलं, तो शर्ट घ्यावा आणि घरी जाऊन त्यांच्या तोंडावर मारावा. पण तिनं तो घडी करून उशाशी ठेवला होता.

पुढच्या वर्षी गहू निघायच्या आधी, एका एकादशीला मामंजी नरसीला गेले. मी खुराड्यावरचं झाकण उतरवलं. धुतलं, कोंबड्यांची घाण खरवडून काढली. लोडरवर जुनी भोकं तशीच होती. त्यांच्याच पेटीतले नटबोल्ट घेतले, त्यांचाच पाना घेतला आणि झाकण बसवलं. नवरा बाजूला उभा राहून म्हणत होता, “राहू दे, बाबा आल्यावर विचारू.” मी म्हटलं, “तुमी विचारत बसा.” तो ओसरीकडे निघून गेला. तो आयुष्यभर असाच बाजूला होत आला, पण ते वेगळं सांगावं लागेल.

मामंजी संध्याकाळी आले. प्रसादाचा पुडा हातात. लोडरपाशी गेले आणि तिथूनच ओरडले, “कोणी हात लावला?”

“मी,” मी म्हटलं.

“कोणाला इचारून?”

“गयाबाईला इचारून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या घरात आल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. “या झाकणात काड गुंतते,” ते म्हणाले. “दर फेरीला थांबावं लागंल.”

“मग थांबा.”

“ए पोरी, तुला यंत्रातलं काय कळते?”

“यंत्रातलं काही न का कळेना. चार बोटं गेलेली मला दिसतात.”

ते शेडमध्ये निघून गेले. सकाळी उठून पाहिलं तर झाकण जमिनीवर पडलेलं, माझे बोल्ट त्याच्या शेजारी नीट ओळीनं ठेवलेले.

मी भांडले नाही. भांडण ऐकायला समोर माणूस लागतो. मी गावात गेले, घराघरात, ज्या बायका गठ्ठ्यांवर यायच्या त्यांच्याकडे. म्हटलं, “झाकणाशिवाय ट्रॉलीवर चढू नका. मीही चढणार नाही.” कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. गयाबाईचा हात सगळ्यांनी पाहिलेला होता.

हंगाम आला. बेलरनं गठ्ठे पाडले. ते वेचायला कोणी आलं नाही. मामंजींनी निरोप पाठवले, मग शेजारच्या गावात माणूस पाठवला. तिथल्या बायका म्हणाल्या, “झाकण बसवलं का?” गोष्ट माझ्या आधी तिथं पोचली होती. मामंजी हट्टाला पेटले. लोडर जोडून एकटेच शेतात उतरले. मागं बघायचं नाही हा नेम मोडला नाही. गठ्ठे साखळीवरून चढत होते, रिकाम्या ट्रॉलीत एकावर एक पडत होते, ढीग झाला की दुसऱ्या बाजूनं घरंगळून परत शेतात पडत होते. पुढं एक म्हातारा ताठ मानेनं ट्रॅक्टर चालवून राहिला आणि मागं गठ्ठे सांडत चाललेत. बांधावर माणसं उभी होती, पण पहिल्या वर्षीसारखं कोणी हसत नव्हतं. मी पण तिथं होते. मला त्यांची कीव आली नाही. खोटं कशाला सांगू.

मग एका सकाळी झाकण लोडरवर बसलेलं दिसलं. पक्कं, वेल्डिंग करून. कधी बसवलं, कोणाला बोलावलं, काही कळलं नाही. त्यांनी ते साखळीपासून दोन बोटं वर उचलून असं बसवलं होतं की काड आत गुंतायचंच बंद झालं. म्हणजे त्यांना हे जमत होतं. आधीपासून जमत होतं, थोडं डोकं चालवलं असतं तर पहिल्याच हंगामात झालं असतं.

शेजाऱ्यानं विचारलं, “झाकण लावलं का हो शेवटी?”

“धूळ लई बसते साखळीवर,” मामंजी म्हणाले. “म्हून लावलं.”

मी ते ऐकलं. मला ट्रॉलीवर चढायचं होतं, बायका आल्या होत्या, मी चढले. पण त्या वाक्याचा राग पुढं कितीतरी वर्षं गेला नाही. धुळीसाठी. साखळीवर धूळ बसू नये म्हणून. गयाबाईचं नाव त्यांच्या तोंडून शर्ट दिले त्या दिवसानंतर मी कधी ऐकलं नाही. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मीच त्यांना भरवलं, धुतलं, पुसलं. ते सुनेचं काम म्हणून केलं, चोख केलं. पण घास भरवताना दर वेळी वाटायचं, आता तरी म्हणतील, चुकलं. ते छताकडे बघायचे आणि शेडचं दार लावलं का विचारायचे.

मी मनाची समजूत घातली होती. म्हटलं, काही माणसांना दुसऱ्याचं दुखणं कळतच नाही. आंधळ्याला रंग कळत नाही तसं. न कळणाऱ्यावर किती दिवस रागवायचं? दहावा झाला, तेरावा झाला, राग थोडा खाली बसायला लागला होता.

मग या उन्हाळ्यात मी गयाबाईकडे गठ्ठे घेऊन गेले. तिच्या मेंढ्या व्यायल्या होत्या आणि शिवारात चारा उरला नव्हता. ट्रॅक्टर आता मीच चालवते. ती एका हातानं पिल्लाला धरून दुसऱ्या हाताच्या मनगटानं त्याचं तोंड मेंढीच्या आचळाला लावत होती. आम्ही गठ्ठे उतरवले आणि दगडावर बसलो. ती सहज म्हणाली, “तुमचे मामंजी याच दगडावर बसायचे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “कोण?”

“तुमचे मामंजी. लई खेपा आले. शेताकडून फिरत फिरत यायचे, बसायचे. दुखण्यात पडले तवाच बंद झालं.”

“काहून यायचे?”

“मला काय माहीत. मेंढरायचं इचारायचे. किती व्याल्या, कोणती लंगडून राहिली. घडीभर बसायचे अन् जायचे.”

“तुझ्या हाताकडं पाहायचे?”

“न्हाई. तिकडं सोडून सगळीकडं पाहायचे.” ती हसली. “मी मुद्दाम हात पुढं ठेवून बसायची. तरी न्हाई.”

“तू कधी सांगितलं न्हाईस मला.”

“काय सांगू? म्हातारा माणूस येऊन बसते, यात सांगायचं काय?”

मी विचारलं, “गयाबाई, खरं सांग. एवढ्या खेपा आले. एक शब्द नाही बोलले?”

“बोलले की,” ती म्हणाली. “पाणी दे म्हणायचे. मी द्यायची.”

ती उठून पिल्लाकडे गेली. मी तिथंच बसून राहिले. म्हणजे त्यांना कळत होतं. इतकी वर्षं, माझ्या हातचं खाताना, छताकडे बघताना, त्यांना सगळं कळत होतं. तिच्या दारापर्यंत चालत यायला पाय होते आणि पाणी मागायला जीभ होती. न कळणाऱ्या माणसाला मी सोडून दिलं असतं. सोडतच आले होते.

घरी आले. नवरा ओसरीवर होता. म्हणाला, “वर्षश्राद्धाला बाबांबद्दल चार शब्द कोणीतरी बोलायला पाहिजेत. तू बोलशील का? तुझं बोलणं चांगलं असते.”

“बोलते,” मी म्हटलं. “गयाबाईला समोर बसवा.”